माझी पात कोणी कापली

आमच्या गटाचं नाव ‘गरुडझेप’ होतं. गटात आम्ही पाच जण. नाव ठरवायला कॉलेजच्या कँटीनमध्ये दोन तास बैठक झाली, आणि पाचही जण हजर असलेली ती आमची पहिली आणि शेवटची बैठक ठरली.

पुण्यातलं मॅनेजमेंटचं कॉलेज, दुसरं वर्ष. ग्रामीण बाजारपेठ नावाचा एक विषय होता आणि त्यात प्रत्येक गटाला एक प्रकल्प करायचा होता. आमच्या वाट्याला अंगाचा साबण आला. खेड्यातली बाई तो का घेते, का घेत नाही, आणि तिनं घ्यावा म्हणून काय करावं, हे शोधायचं. मी वाशिम जिल्ह्यातली, मंगरूळपीरच्या अलीकडच्या एका खेड्यातली. माझ्या ओळखीच्या झाडून सगळ्या बाया खेड्यातल्याच, त्यामुळे मला विषय सोपा वाटला.

गटप्रमुख एक मुलगा होता. त्याला कोणी निवडलं नव्हतं, पण तो खुर्ची ओढून मध्ये बसला आणि ते तसंच राहिलं. मग दोन मित्र होते. ते सगळीकडे जोडीनं जायचे आणि जिथं जायचे नाहीत तिथंही जोडीनंच जायचे नाहीत. चौथी एक चष्मेवाली मुलगी, कमी बोलणारी, इंग्रजी मात्र नळ सोडल्यासारखं. पाचवी मी.

गटप्रमुखानं पहिली स्लाइड स्वतः केली. तिच्यावर ‘आपली ग्राहक’ म्हणून एका बाईचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, वय पंचेचाळीस, दोन एकर कोरडवाहू, जिल्हा वाशिम. जिल्हा माझ्यावरून सुचला असावा. चित्रातल्या बाईच्या अंगावर घागरा होता, कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या होत्या आणि मागं वाळवंटात एक उंट उभा होता. गटप्रमुख म्हणाला, ‘गावाचा फील येतो.’ माझी आई पंचेचाळीस वर्षांची आहे. दोन एकर कोरडवाहू आहे. जिल्हा वाशिम. मी काही बोलले नाही, पण उंट मला जरा जड गेला.

मी का बोलले नाही, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं.

आमच्याकडे बायांची सावड असते. आज आम्ही सगळ्या तुझ्या शेतात, उद्या तू आमच्या. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही, दिवसाला दिवस फेडायचा. लहानपणापासून मी आईला सावडीला जाताना पाहिलं होतं आणि पाहून पाहून माझा एक ठाम समज झाला होता. सावडीत कोणी कोणाला आठवण करून देत नाही. आपण आधी जायचं, राबायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. समोरचा आपल्या वेळेला आपणहून येतो. हा समज मी लोणच्याच्या बरणीसोबत पुण्याला घेऊन गेले. बरणी निदान दोन महिन्यांत संपली.

त्यामुळे गटप्रमुखानं ‘तीस ग्रामीण महिलांच्या मुलाखती तू घेशील का, तुझ्या ओळखी आहेत’ असं विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं. आईला फोन लावला. आईनं चार संध्याकाळी गावातल्या बाया विहाराच्या पायऱ्यांवर जमवल्या, फोन स्पीकरवर ठेवला, आणि मी हॉस्टेलच्या गच्चीवरून एकेकीला प्रश्न विचारले. साबण का घेता, या प्रश्नाला सगळ्यात जास्त मिळालेलं उत्तर ‘आंग धुवाले’ हे होतं. ते मी ‘स्वच्छतेची जाणीव’ या रकान्यात टाकलं. एक ते पाचमध्ये तुम्ही किती समाधानी, या प्रश्नावर शेजारची काकू बराच वेळ अडली.

‘पाच म्हंजे लय का कमी?’ तिनं विचारलं.

‘लय.’

‘मंग तीन टाक. कोनाले वाईट नको वाटाले.’

मग त्या दोघा मित्रांपैकी एकाच्या चुलत बहिणीचं लग्न निघालं. दोघंही गेले, कारण जोडी होती. ‘आमचा भाग या वेळी तू कर, पुढच्या वेळी आम्ही करू,’ असं ते म्हणाले. पुण्यात हे वाक्य ‘चला, भेटू’ या अर्थानं वापरतात, हे मला माहीत नव्हतं. माझ्या कानांना ती सावड लागली. मी त्यांचा भाग केला. मग गटप्रमुखाचे तक्ते केले, कारण त्याला ताप होता. मग चाळीस पानांचा अहवाल केला, कारण तो कोणाच्याच भागात नव्हता. बैठका कॉफीच्या दुकानात होत राहिल्या. मी तिथं जात नव्हते, कारण बैठकीत ज्यावर चर्चा चाले ते काम मी खोलीत बसून करत असे.

सादरीकरणाच्या दिवशी मला एकच स्लाइड बोलायची होती. मी उभी राहिले. पहिलं इंग्रजी वाक्य पाठ केलं होतं, ते आलं. दुसरं आलं नाही. वर्ग बघत होता, सर बघत होते, स्लाइडच्या कोपऱ्यात पुन्हा आलेला उंटसुद्धा माझ्याकडेच बघतोय असं मला वाटलं. तेवढ्यात चष्मेवाली एक पाऊल पुढं आली आणि आधीच ठरलं असावं अशा सहजपणे माझी स्लाइड बोलून गेली. मला फार राग आला. दोन महिने राबून एक स्लाइड वाट्याला आली होती, तीही हिनं उचलली.

शेवटी एक फॉर्म आला. गटातल्या प्रत्येकानं बाकीच्या चौघांना दहापैकी गुण द्यायचे, गुप्त. मी चौघांनाही दहा दिले. चष्मेवालीला देताना जरा थांबले, पण दिले. सावडीत कोण मागं राहिली हे आपल्या तोंडानं सांगायचं नसतं, असं मला वाटत होतं.

दिवाळीच्या सुटीच्या आदल्या दिवशी सरांनी मला बोलावलं. मला मिळालेल्या गुणांची सरासरी साडेतीन होती. बैठकांना गैरहजर, सादरीकरणात बोलली नाही, असे शेरे होते. सरासरी चारच्या खाली आली की विषयात नापास, आणि विषयात नापास झालेल्याला जानेवारीत नोकरीच्या मुलाखतींना बसता येत नव्हतं. हे दोन्ही नियम मला माहीत होते. ते माझ्यासाठी आहेत हे माहीत नव्हतं.

‘काम तुम्हीच केलंय असं अहवाल वाचून मला वाटतं,’ सर म्हणाले. ‘पण तुम्ही स्वतःच सगळ्यांना दहा दिलेत. मग मी काय समजू?’

त्यांनी मला कोरा फॉर्म दिला. कोणी काय केलं ते कारणांसकट लिहायचं, नवे गुण द्यायचे, खाली सही करायची. सुटी संपल्यावर पहिल्या दिवशी तो गटासमोर वाचला जाईल. नाही दिला, तर साडेतीन कायम.

मी फॉर्म बॅगेत तळाशी ठेवला, त्याच्यावर कपडे ठेवले आणि गाडी पकडली.

सकाळी ट्रॅव्हल्समधून वाशिमला उतरले. तिथून मंगरूळपीरच्या एसटीनं फाट्यापर्यंत आणि पुढं पायी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पिकून उभं होतं. ते पाहिल्यावर मला जे वाटलं ते सरळ सांगते. मला परत जायचं नव्हतं. नुसतं सुटीपुरतं नाही, कधीच जायचं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा आई भाकरी थापत होती. ‘आली का?’ म्हणाली आणि हात न थांबवता पाटाकडे मान हलवली. मी बसले. पुढ्यात वरण आलं, अंबाडीची भाजी आली, तव्यावरून भाकर आली. कोणी मला माझं मत विचारलं नाही, कोणी माझ्या भागाचं काय झालं असं विचारलं नाही. दीड वर्षात पहिल्यांदा मी पोट भरेपर्यंत जेवले. बाबा मंगरूळपीरला एका सरकारी कचेरीत शिपाई आहेत. ते संध्याकाळी आले आणि मला बघून त्यांनी सायकलची घंटी वाजवली, जी ते एरवी फक्त म्हशींसाठी वाजवतात. मी खुश होते. बॅग खाटेखाली ढकलून दिली होती.

सोंगणीचे, म्हणजे सोयाबीन कापायचे दिवस होते. आईच्या सावडीत सात बाया, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन दिवस शेजारच्या काकूच्या शेतात पाळी होती.

‘तू घरीच राह्य,’ आई म्हणाली. ‘आराम कर.’

‘मी येते,’ मी म्हटलं.

‘दीड वर्स झालं इळा नाई धरला तुनं.’

‘सायकल विसरते का मानूस?’

आईनं मला एक जुना विळा काढून दिला. हात कापून घेईन म्हणून चांगल्या धारेचा दिला नाही, हे मला नंतर कळलं.

सोंगणीत प्रत्येकीला पाच ओळींचा पट्टा मिळतो, त्याला पात म्हणतात. आपली पात धरायची आणि वाकून कापत शेताच्या दुसऱ्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत जायचं. माझ्या डाव्या हाताला काकू होती, उजव्या हाताला आई. पहिल्या अर्ध्या तासातच माझी कंबर बोलायला लागली, आणि जे बोलत होती ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण मी मान खाली घालून कापत राहिले. धुऱ्याला पोचले तेव्हा बघते तर मी सगळ्यांच्या बरोबरीनं पोचले होते. आठच्या आठ पाती एका रेषेत. दुसऱ्या वेढ्याला, म्हणजे दुसऱ्या फेरीलाही तसंच, तिसऱ्यालाही तसंच.

मला स्वतःचा फार अभिमान वाटला. पुण्यात दोन महिने जीव तोडून माझी किंमत साडेतीन ठरली होती, आणि इथं एका सकाळीत मी आठ जणींच्या रांगेत होते. माझी जागा ही आहे, हे मला लख्ख कळलं. दुपारी बाभळीखाली भाकरी सोडल्या, तेव्हा मी जाहीर करून टाकलं.

‘मी आता पुन्याले परत जात नाई. इथंच राहीन. शेती करीन.’

बाया चावायच्या थांबल्या. काकू म्हणाली, ‘आधी जेव.’ आईनं माझ्या भाकरीवर ठेचा वाढला. तो आधीच वाढलेला होता, तरी पुन्हा वाढला.

ती बातमी संध्याकाळी आमच्या आधी घरी पोचली होती. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

‘काहून?’

‘तिकडे मन लागत नाई.’

‘मन लागाले का तुले सिनेमाले पाठोलं व्हतं?’ असं म्हणून ते चपला घालून बाहेर गेले. रस्त्यानं भेटेल त्याला ‘पोरगी मॅनेजर होऊन राह्यली’ असं दीड वर्ष सांगणाऱ्या माणसाला त्या दिवशी कोणी भेटू नये असं वाटत असणार. मला वाईट वाटलं. पण निर्णय पक्का होता, कारण मला काम येत होतं.

दुसऱ्या दिवशी काकूचं उरलेलं अर्धं शेत घेतलं. दहाच्या सुमाराला माझ्या तळहाताचे फोड फुटले. पाण्याची कॅन आम्ही जिथून सुरुवात केली त्या धुऱ्यावर राहिली होती. ‘घेऊन येते’ म्हणून मी माझ्याच कापलेल्या पातीतून उलट दिशेनं निघाले. कापलेल्या सोयाबीनचे खुंट चपलेतून टोचतात, म्हणून खाली बघत चालावं लागतं. नाहीतर मला कधीच कळलं नसतं.

माझ्या पातीत तीन तऱ्हेचे खुंट होते.

मधल्या दोन ओळी उंच, वीतभर, तिरप्या, उंदरानं कुरतडल्यासारख्या. त्या माझ्या. कापताना डावीकडे होत्या त्या दोन ओळी जमिनीलगत, सपाट, एका फटक्यात कापलेल्या. काकू तशी कापते. उजवीकडची एक ओळ बुटकी, पण खुंटाच्या टोकाला एक बारीक चीर. आई आधी विळा टेकवते आणि मग ओढते, म्हणून तिच्या खुंटाला तशी चीर पडते. मी पाण्याची कॅन विसरले आणि कालच्या तुकड्यात जाऊन बघितलं. काल तर पाचातली एकच ओळ माझी होती.

मी तिथं उभी राहिले आणि रडले. माझ्यासाठी कोणी काही केलं म्हणून रडू आलं असतं तर बरं दिसलं असतं, पण तसं नव्हतं. मला लाज वाटली होती. ज्या कामाच्या जोरावर मी बापाकडून सिनेमाचं ऐकून घेतलं, ते काम माझं नव्हतं.

कॅन घेऊन परत गेले आणि काकूच्या समोर उभी राहिले.

‘माह्यी पात कोनं कापली?’

काकू वाकलेलीच होती. ‘कापली असन कोनं तरी.’

‘तुमी कापली. दोन ओळी. आन् आईनं एक.’

‘मंग इचारतं कायले?’

‘मले सांगतलं काहून नाई?’

काकू उभी राहिली, कंबरेवर हात ठेवला. ‘सांगून काय तुह्या हाताले धार येते? तुले झेपत नव्हतं. आमच्या हाती इळा व्हता. इकडून तिकडे दोन हात मारले. त्यात काय सांगाचं?’ मग माझ्या तोंडाकडे बघून तिचा आवाज जरा उतरला. ‘आन् तिकडे तुह्या संगतच्यायची पात कोन कापते?’

‘मीच,’ मी म्हटलं, आणि मग सगळंच बाहेर आलं. लग्नाला गेलेली जोडी, ताप, चाळीस पानं, साडेतीन, खाटेखालचा फॉर्म. बाया एकेक करून उभ्या राहिल्या. उंटाचंही सांगितलं. उंटावर दोघी हसल्या.

‘त्या दोघायच्यानं काम व्हत नव्हतं का?’ काकूनं विचारलं.

‘व्हत व्हतं. करत नव्हते.’

‘मंग तू त्याईची पात कापलीच कायले? ज्याच्यानं व्हत नाई त्याची कापाव. जो धुऱ्यावर बसून मोबाइल पाह्यते, त्याची कायले?’

‘सावडीत बोलत नसतात ना,’ मी म्हटलं.

सातही बाया माझ्याकडे बघायला लागल्या.

‘हे तुले कोनं सांगतलं?’ आई म्हणाली.

कोणीच सांगितलं नव्हतं. मी धुऱ्यावर खेळता खेळता ठरवलं होतं. कापलेल्या पाती मी पाहिल्या असतील. भांडणं दुपारच्या भाकरीच्या वेळी होत असतील आणि तेव्हा मी झोपत असेन.

‘आमी का मुक्या हाओत?’ काकू म्हणाली आणि दोन पाती सोडून उभ्या असलेल्या एका बाईकडे विळ्यानं खूण केली. ‘हिले पाह्य. मांगच्या वर्सी सोंगनीत दोन दिवस धुऱ्यावर बसून राह्यली. कधी फोन, कधी पोट. तिसऱ्या दिवशी म्यां सगळ्याइच्या समोर म्हनलं, बाई, तुह्या पातीतलं सोयाबीन आमाले नाई कापाचं, ऊठ.’

मी घाबरून त्या बाईकडे बघितलं. ती हसत होती.

‘तोंडावर म्हनलं व्हतं,’ ती म्हणाली. ‘आठ दिवस मी हिच्यासंग बोलली नाई. पन नसतं म्हनलं ना, तं मी अजून धुऱ्यावरच राह्यली असती.’

मग काकूला काहीतरी आठवलं. ‘थांब. ते साबनाचे जवाब आमी देल्ले, ते त्याच पुस्तकात हायेत का?’

‘हो.’

‘आन् तू नापास झाली तं?’

‘तं माह्यासाठी ते गेलं.’

‘म्हंजे चार दिवस आमी पायऱ्याइवर बसलो, म्यां इचार करू करू तीन टाकलं, ते वाया?’

तीस बाया माझ्या सावडीला येऊन गेल्या होत्या आणि मी ते कामात धरलंच नव्हतं. आईनं माझ्या हातातली कॅन घेतली, पाणी प्याली आणि म्हणाली, ‘घरी जा. तो कागद भर.’

‘पात राह्यली माह्यी.’

‘तुह्यी पात कापून व्हते. तो कागद आमाले येत नाई.’

मी घरी गेले. भर दुपारी उंबऱ्यात बसून फॉर्म भरला. फोडांमुळे पेन नीट धरवत नव्हतं. त्या दोघांचं सोपं होतं. दिलेला भाग केला नाही, एक गुण, तोही लग्नाला जाण्याआधी निरोप दिला म्हणून. गटप्रमुखाला चार. गटाचं नाव ठरवलं, पहिली स्लाइड केली, चित्र चुकीच्या राज्यातलं. एखाद्याबद्दल खरं लिहायचं आणि खाली आपली सही करायची, हे मी आयुष्यात पहिल्यांदा करत होते.

चष्मेवालीशी येऊन मात्र मी अडले. तिनं तिचा भाग वेळेवर दिला होता. आणि ती स्लाइड. मला झेपत नव्हतं आणि तिच्या हाती विळा होता. तिनं दोन हात मारले आणि नंतर एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. दीड महिना मी तिचा राग केला होता. मी लिहिलं, की माझा भाग मला बोलता आला नाही तेव्हा हिनं तो बोलून दिला, आणि मी तिचे आभार मानले नाहीत. गुण दहा. स्वतःबद्दल जे केलं ते लिहिलं आणि जे आलं नाही तेही लिहिलं. मुलाखती तीस बायांनी दिल्या, जमवल्या आईनं, हेही लिहिलं.

बाबांनी फाट्यावर सोडलं. एसटी आल्यावर बॅग वर ठेवून म्हणाले, ‘मन नाई लागलं तं फोन करजो. येजो नको.’ एसटी हलली तरी ते तिथंच उभे होते.

फॉर्म गटासमोर वाचला गेला. जोडीनं जोडीनंच खाली बघितलं. गटप्रमुख म्हणाला, ‘मग आधी का नाही बोललीस?’ प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, ‘माझी चूक झाली. आता बोलले.’ तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, पण आठ दिवसांचा हिशेब मला आधीच सांगितलेला होता. सरांनी मला पास केलं, जेमतेम. पहिल्यांदा सगळ्यांना दहा दिले त्याचे गुण कापले. अहवाल दुरुस्त करून द्यायला सांगितला, तेव्हा मी उंट काढला.

चष्मेवाली जिन्यात भेटली. ‘मी तुला सात दिले होते,’ ती म्हणाली. ‘जास्त द्यायला हवे होते का?’ मी मनात हिशेब केला. साडेतीन सरासरी म्हणजे चौघांचे मिळून चौदा. उरलेल्या तिघांनी मिळून मला सात दिले होते. ‘नाही, सात बरोबर आहेत,’ मी म्हटलं, आणि तिला चहा पाजला.

त्याच आठवड्यात आमच्या शेताची पाळी होऊन गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं. काकू सुनेलाही घेऊन आली होती, दोन्ही दिवस. माझे दोन दिवस तिनं पूर्ण धरले होते.

‘पन मी तं निम्मंबी नाई कापलं,’ मी म्हटलं.

‘तिनं धरले,’ आई म्हणाली. ‘तू आली की फेडजो.’

त्याला चार वर्षं झाली. जानेवारीत मी मुलाखतींना बसले, तिसऱ्या ठिकाणी नोकरी मिळाली, पुण्यातच. तिथं सगळंच काम गटानं असतं, आणि मी तोंडावर बोलते म्हणून प्रसिद्ध आहे. दर वर्षी सोंगणीला चार दिवस रजा टाकते. साहेब विचारतात काय काढलं, मी सांगते की दोन दिवस फेडायचे आहेत. पहिल्या वर्षी पाचातल्या दोन ओळी माझ्या होत्या. मग तीन. ज्या माझ्या नव्हत्या त्या पुन्हा अंगावर राहिल्या, त्यामुळे दोन दिवस अजून फिटलेले नाहीत.

यंदा मी स्वतः धार लावलेला विळा नेला. कोणाकडे न बघता कापलं, धुऱ्याला पोचले आणि मागं वळून पाहिलं. चार ओळी माझ्या होत्या, खुंट जमिनीलगत, एकसारखे. पाचव्या ओळीच्या खुंटांना टोकाला बारीक चीर होती.

‘आई, आता मले येते,’ मी म्हटलं.

‘मले बी येते,’ आई म्हणाली आणि पुढच्या ओळीला विळा टेकवला. ती ओळ माझ्या पातीतली होती.